‘किती प्यायलं?’ की ‘कसं प्यायलं?’: अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याच्या खुणा ओळखून दूध पाजण्याची पद्धत काय आहे?

एनआयसीयूमध्ये बाळ असलेल्या आईबाबांचा दिवस आकड्यांवर चालतो. आज वजन किती भरलं? ऑक्सिजन किती आहे? आणि दर दोन-तीन तासांनी एक प्रश्न ठरलेला असतो: दूध किती गेलं?

बाळ आता चौतिसाव्या आठवड्यात आलेलं असतं. श्वास स्वतःचा स्वतः घेत असतं. सलाइन निघालेलं असतं. नाकातून पोटात गेलेली दुधाची बारीक नळी तेवढी उरलेली असते. ती निघाली की घरी जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांची नजर वाटीतल्या दुधावर खिळते. ३० मिलिलिटरपैकी २२ गेलं, ८ राहिलं. मग ‘अजून एक घोट, अजून एक घोट’ असं करत वाटी संपवण्याची धडपड सुरू होते. बाळ तोंड फिरवतं, बोटं ताठ करतं, डोळे मिटून घेतं. तरीही वाटी रिकामी झाली की सगळ्यांना हायसं वाटतं.

ही धडपड मायेपोटीच होते. पण बाळ तोंड फिरवतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं आणि ते ऐकायला हवं, असं नवजात शिशूंच्या उपचारातले अनेक तज्ज्ञ सांगतात. याच विचारातून आलेल्या पद्धतीला ‘क्यू-बेस्ड फीडिंग’ म्हणतात. सोप्या शब्दांत, घड्याळ आणि माप यांच्याआधी बाळाच्या खुणा पाहून दूध पाजणं.

ही पद्धत नेमकी कशी चालते, तिचा फायदा किती आणि भारतातल्या वॉर्डांमध्ये ती कशी बसते, हे समजून घेऊया.

दूध पिणं इतकं अवघड का असतं?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली होती. कोणत्याही एका देशातली ही सर्वाधिक संख्या आहे.

मोठ्या माणसाला दूध पिणं ही एकच क्रिया वाटते. बाळासाठी त्या तीन क्रिया असतात: चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं. या तिन्ही एका लयीत व्हाव्या लागतात, कारण घशात हवेचा आणि दुधाचा रस्ता काही अंतर एकच असतो. दूध गिळताना श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि श्वास क्षणभर थांबतो. गिळून झालं की तो पुन्हा सुरू व्हायला हवा. नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा श्वास घेतं. म्हणजे प्रत्येक घोट त्याला दोन श्वासांच्या मधल्या फटीत बसवावा लागतो.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला ही लय जन्मतःच जमते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे यातले सुटे भाग असतात, पण त्यांची जुळणी झालेली नसते. पोटात असतानाच बाळ गर्भजल गिळायला लागतं, अंगठाही चोखतं. पण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो आणि पक्का व्हायला त्यापुढेही काही आठवडे जातात. इथे आठवडे जन्मापासून मोजायचे नाहीत. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजायचे.

हा मेळ बसलेला नसताना बाळ ओळीने घोट घेत राहतं आणि श्वास घ्यायचंच विसरतं. मॉनिटरवर ऑक्सिजन खाली येतो, हृदयाचे ठोके मंदावतात, ओठांभोवती निळसर झाक दिसते. मोठ्या माणसाला अशा वेळी ठसका लागतो. या बाळांमध्ये ठसक्याची यंत्रणाही कच्ची असते. त्यामुळे दूध चुकीच्या वाटेने गेलं तरी बाळ खोकेलच असं नाही.

घड्याळ आणि माप कुठे कमी पडतं?

रुग्णालयात दूध पाजण्याची रूढ पद्धत हिशोबाची आहे. समजा, बाळाचं वजन १६०० ग्रॅम आहे आणि डॉक्टरांनी दिवसाला दर किलोमागे १६० मिलिलिटर दूध ठरवलं आहे. म्हणजे दिवसाचं दूध २५६ मिलिलिटर. दर तीन तासांनी, आठ वेळा द्यायचं तर एका वेळेला ३२ मिलिलिटर.

हा हिशोब चुकीचा नाही. नळीतून दूध देताना तोच लागतो, कारण नळीला बाळाची इच्छा विचारता येत नाही. अडचण पुढे येते. नळीकडून तोंडाकडे जाताना तोच ३२ मिलिलिटरचा आकडा परीक्षेचे गुण होऊन बसतो. बाळ झोपेत असलं तरी वेळ झाली म्हणून त्याला जागं केलं जातं. थकलं तरी उरलेलं दूध संपवायला लावलं जातं.

याचे दोन तोटे होतात. पहिला, थकलेलं बाळ लय सोडतं आणि ऑक्सिजन उतरण्याचा धोका वाढतो. वजन वाढवण्यासाठी लागणारी ताकदही पिण्यातच खर्च होते. दुसरा तोटा उशिरा दिसतो. या बाळांच्या तोंडाने आधीच बरंच सोसलेलं असतं: श्वासाची नळी, दुधाची नळी, चिकटपट्ट्या, सक्शन. त्यात दूध पिणंही घुसमटीचं झालं, तर तोंडाजवळ काहीही आलं की बाळ मान फिरवायला शिकतं. मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांमध्ये पुढे खाण्यापिण्याच्या तक्रारी जास्त आढळतात. त्यामागे अनेक कारणं असतात आणि तोंडाला आलेले असे त्रासदायक अनुभव हे त्यातलंच एक मानलं जातं.

ही पद्धत आली कुठून?

नवजात बाळाच्या हालचालींना अर्थ असतो, या विचाराला १९८०च्या दशकात बळ मिळालं. बोस्टनमधल्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ आल्स यांनी १९८२ मध्ये एक मांडणी केली. बाळाचा रंग, श्वास, हातापायांची ठेवण, झोप-जाग यांवरून ते सावरलेलं आहे की ताणात आहे हे कळतं, असं त्या सांगत होत्या. बाळाच्या वर्तनाप्रमाणे काळजी बदलण्याच्या पद्धती त्यातून पुढे आल्या.

दूध पाजण्याच्या बाबतीत २००१ मध्ये अमेरिकेत गेल मॅकेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८१ स्थिर प्रकृतीच्या मुदतपूर्व बाळांचे त्यात दोन गट केले होते. एका गटात दूध देण्याआधी बाळाला नुसतं चोखायला देऊन ते जागं आणि तयार आहे का हे पाहिलं जाई. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत होती. पूर्णपणे तोंडाने दूध प्यायला पहिल्या गटाला सरासरी ५ दिवस लागले, दुसऱ्याला १०.

पुढे २००७ मध्ये स्यू लुडविग आणि कारा अ‍ॅन वेट्झमन यांनी परिचारिकांसाठी सोपी मोजपट्टी मांडली. तिच्यात बाळाची तयारी आणि पिण्याचा दर्जा यांना १ ते ५ असे क्रमांक दिले जातात. त्यामुळे फाइलमध्ये फक्त ‘२२ मिलिलिटर’ न लिहिता ‘जागं होतं, सुरुवातीला लय चांगली होती, नंतर थकलं’ हेही नोंदवण्याची सोय झाली.

बाळ काय सांगतं?

भुकेच्या आणि तयारीच्या खुणा:

- दूध देण्याच्या वेळेच्या आसपास आपोआप जाग येणं, डोळे उघडून शांतपणे पाहणं
- हात तोंडाकडे नेणं, मूठ चोखू पाहणं
- गालाला किंवा ओठाला स्पर्श झाला की त्या बाजूला मान वळवून तोंड उघडणं
- जीभ बाहेर काढणं, ओठ चाटणं, चुटूचुटू आवाज करणं
- हातपाय जवळ घेतलेले आणि अंगात थोडा जोर असणं

रडणं ही भुकेची शेवटची खूण असते. तोवर वाट पाहिली तर लहानग्या बाळाची अर्धी ताकद रडण्यातच संपते. शिवाय फार लवकर जन्मलेली बाळं भुकेने मोठ्याने रडतीलच असं नाही. त्यांच्या खुणा पुसट असतात आणि काही सेकंदांत विरूनही जातात.

‘थांबा’ सांगणाऱ्या खुणा:

- बोटं फाकवून ताठ करणं, हात ‘थांबा’ म्हटल्यासारखा पुढे येणं
- कपाळाला आठ्या, भुवया वर जाणं, डोळे विस्फारणं
- ओठांच्या कडेने दूध ओघळणं, घटाघट गिळल्याचा आवाज
- नाकपुड्या फुलणं, श्वास भरभर किंवा कण्हत होणं
- मान फिरवणं, पाठ ताणून मागे जाणं
- अंग एकदम सैल पडणं, झोपी जाणं
- रंग बदलणं, मॉनिटरवर ऑक्सिजन किंवा ठोके उतरणं

यादीतली शेवटची खूण दिसली तर लगेच थांबायचं आणि परिचारिकेला सांगायचं. पण पद्धतीचा सगळा भर त्याआधीच्या खुणांवर आहे. मॉनिटर वाजतो तेव्हा बाळाने आधीच दोन-तीनदा सांगून झालेलं असतं.

वॉर्डमध्ये प्रत्यक्षात काय होतं?

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. खुणांप्रमाणे पाजणं म्हणजे बाळाने मागितलं नाही तर उपाशी ठेवणं नव्हे. दिवसाला किती दूध पोटात जायला हवं हे डॉक्टरच ठरवतात. त्यातलं तोंडाने किती घ्यायचं हे बाळ ठरवतं. उरलेलं नळीतून जातं.

साधारण क्रम असा असतो. दूध देण्याची वेळ जवळ आली की परिचारिका किंवा आई बाळाला हळूच लंगोट बदलत, बोलत, हात लावत जागं होण्याची संधी देते. बाळ जागं झालं, तोंड शोधू लागलं तर जवळ घेतलं जातं. नाही झालं, तर ती पाळी नळीची. ‘ताई, आत्ता झोपू दे त्याला, नळीने देऊ’ असं परिचारिका म्हणते तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो. उपचारच चाललेला असतो.

पिताना बाळाला अंगासरशी, हातपाय जवळ घेऊन धरतात. बाटलीने पाजायचं असेल तर अनेक ठिकाणी कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून पाजतात. तसं धरलं की दुधाचा वेग आवरता येतो आणि जास्त झालेलं दूध घशात न साठता ओठातून बाहेर येतं. बाळ श्वास न घेता चोखतच राहिलं तर दर काही घोटांनंतर दूध थांबवून त्याला श्वासाला उसंत देतात. दुधाची धारही मंद ठेवतात.

साधारण २० ते ३० मिनिटांच्या पुढे ताणायचं नाही, असा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. बाळ थकल्याचं दिसलं तर त्याआधीच थांबतात. ३२ पैकी १२ मिलिलिटर शांतपणे, रंग न बदलता गेलं, तर ती पाळी यशस्वी मानली जाते. उरलेलं २० नळीतून जातं. पुढच्या वेळी १५ जाईल, कदाचित ८ जाईल. प्रगती सरळ रेषेत होत नाही. आदल्या दिवशी सगळं दूध प्यायलेलं बाळ दुसऱ्या दिवशी झोपूनच राहू शकतं.

भारतात काय वेगळं आहे?

क्यू-बेस्ड फीडिंगवरचं बरंच लेखन अमेरिका-युरोपातलं आहे आणि ते बाटली डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे. भारतात चित्र वेगळं आहे. १९९२च्या कायद्याने पावडरचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींना बंदी आहे आणि सरकारी रुग्णालयांत बाटलीला थारा दिला जात नाही. इथे नळीनंतरची पायरी वाटी-चमचा किंवा पालडै ही असते.

पालडै म्हणजे निमुळत्या चोचीचं छोटं भांडं. दक्षिण भारतात बाळांना दूध पाजायला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि तिथून ते रुग्णालयांत आलं. मराठी घरांत याच जातीचं भांडं ‘बोंडलं’ म्हणून ओळखलं जातं. अनेकांच्या आजीच्या फडताळात चांदीचं किंवा पितळेचं बोंडलं अजूनही सापडेल.

भारतातल्या नवजात उपचारांत साधारण अशा पायऱ्या सांगितल्या जातात: २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला सुरुवातीला शिरेतून पोषण, २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळाला नळीने दूध, ३२ ते ३४ आठवड्यांच्या बाळाला वाटी-चमचा किंवा पालडै आणि ३४ आठवड्यांनंतर थेट अंगावर. ही सुरुवात ठरवण्याची चौकट आहे. त्या आठवड्याचं प्रत्येक बाळ त्या पायरीला तयार असेलच असं नाही, म्हणून खुणा पाहाव्या लागतात.

पालडैच्या बाबतीत तर त्या जास्तच पाहाव्या लागतात. बाळ अंगावर लुचतं तेव्हा चोखणं थांबवून ते दूध बरंचसं थोपवू शकतं. पालडैमध्ये दूध किती ओतायचं हे पाजणाऱ्याच्या हातात असतं. मनगट जरा जास्त कललं तरी तोंड भरतं. म्हणून चोच ओठाच्या कडेला टेकवून थेंबाथेंबाने दूध द्यायचं, गिळलेलं पाहायचं, मगच पुढचा घोट. वाटीने पाजताना तर दूध फक्त ओठांना लागेल एवढीच वाटी कलती करायची आणि बाळाला जिभेने घेऊ द्यायचं. तोंडात ओतायचं नाही.

यासोबत नळीवर असलेल्या बाळालाही, दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला लावलं जातं. पोटात दूध जाण्यासाठी हे नसतं, चोखण्याच्या सरावासाठी असतं. कांगारू मदर केअरमध्ये बाळ आईच्या उघड्या छातीवर तासन्‌तास असतं, तेव्हा हा सराव सहज होतो. शिवाय बाळाच्या पुसट खुणा सगळ्यात आधी आईला कळू लागतात.

फायदा खरंच होतो का?

होतो, पण सगळ्या बाजू पाहायला हव्यात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये या विषयावरच्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत एकूण ५९३ बाळं होती. खुणांप्रमाणे दूध मिळालेली बाळं नळीवरून पूर्ण तोंडावर काही दिवस लवकर आली. मात्र त्यांचं वजन थोडं सावकाश वाढलं. चाचण्या लहान होत्या आणि पुरावा भक्कम नाही, असंही आढाव्यात स्पष्ट म्हटलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेतही ही ओढाताण दिसते. २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कमी वजनाच्या बाळांना भुकेच्या खुणांप्रमाणे पाजावं, मात्र शेवटच्या दुधानंतर तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवावं, असं म्हटलं होतं. ही शिफारस पुरेसे कर्मचारी असलेल्या ठिकाणांपुरती होती. २०२२च्या शिफारशींमध्ये मात्र ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना रुग्णालयातून घरी जाईपर्यंत ठरावीक वेळेने दूध देण्याचा विचार करता येईल, असं सांगितलं आहे. हीसुद्धा कमी खात्रीच्या पुराव्यावरची, सशर्त शिफारस आहे.

मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? अनेक ठिकाणी मधला मार्ग वापरतात. वेळ आणि दिवसाचं एकूण दूध ठरलेलं ठेवायचं, पण त्या वेळी तोंडाने द्यायचं की नळीने आणि कुठे थांबायचं, हे बाळावर सोडायचं. वजन रोज पाहायचं. ते अडलं तर नळीचा वाटा वाढवायचा.

खुणा पाहायला माणसं कुठून आणायची?

खरा पेच हा आहे. खुणा वाचायच्या तर कोणीतरी बाळाकडे सलग पाहत बसायला हवं. एका परिचारिकेकडे अनेक बाळं असतील तर तिला प्रत्येकाच्या भुवया बघत अर्धा तास बसता येत नाही. ‘३२ मिलिलिटर, तीन तासांनी’ हा नियम अशा वॉर्डमध्ये टिकून राहतो, कारण तो कमी माणसांत पाळता येतो.

याला भारतातल्या व्यवस्थेत एक उत्तर आहे: आईबाबा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागातून नवजात बाळाची काळजी घेण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हात धुऊन, प्रशिक्षण घेऊन आईवडिलांनी किंवा घरातल्या माणसांनी वॉर्डमध्येच बाळाला दूध देणं, स्वच्छता, कांगारू केअर यांत भाग घ्यावा, असा त्यांचा गाभा आहे. दिवसाचे कित्येक तास एकाच बाळाकडे पाहणारी व्यक्ती बाळाचे इशारे सर्वात लवकर शिकते. ते इशारे म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगितलं, आणि ‘आज लवकर थकला’ असं ती म्हणाली तेव्हा ते फाइलमध्ये लिहिलं, तर वॉर्डला आणखी दोन डोळे मिळतात.

घरी जाताना काय लक्षात ठेवायचं?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये अशा बाळांना घरी सोडण्याचे निकष सांगितले. वजन सातत्याने वाढणं, शरीराचं तापमान टिकणं, श्वास आणि ठोके स्थिर असणं आणि त्यांवर ताण न येता तोंडाने दूध पिता येणं, हे त्यांतले मुख्य. म्हणजे नुसतं ‘पितं’ एवढं पुरत नाही. पिताना श्वास आणि ठोके शाबूत राहायला हवेत.

म्हणून डिस्चार्जआधी आईवडिलांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे विचारून घ्यावं: आमचं बाळ थकल्याची पहिली खूण कोणती देतं? किती वेळ झोपलं तर उठवायचं? दिवसात किती वेळा लघवी व्हायला हवी? वजन पुन्हा कधी करायचं? पिताना निळसर पडणं, श्वास अडखळणं, दूध एकदम सोडून देणं, सुस्त पडून राहणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

घरी आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न मात्र बदलणार नाही. ‘किती पितो गं?’ असं विचारलं जाईलच. तेव्हा आईला आकडा सांगता नाही आला तरी चालेल. पोट भरलं की तो मूठ सैल सोडतो, नको असलं की भुवई उचलतो, हे तिला ठाऊक असलं की पुढचा घोट द्यायचा की थांबायचं, हे तिचं तिला ठरवता येतं.